पाण्याच्या वेळेचं दुकान

केसरीनाथच्या देशी दारूच्या दुकानावर पत्र्याची पाटी होती : 'वेळ सकाळी ८ ते रात्री १०'. पाटी सरकारी नियमाची, पण केसरीनाथ ती वेळ पाळायचा तो सरकारच्या धाकानं नव्हे, हौसेनं. आठाला मिनिटभर कमी असलं तर गिऱ्हाईक शटरला डोकं टेकून उभं राहिलं तरी तो आत बसून घड्याळाकडे बघत राही. रात्री दहाला सख्खा मेहुणा आला तरी शटर खाली. सावरपाड्यातले लोक म्हणत, खारबाव स्टेशनची गाडी चुकेल, पण केसरीशेटचं शटर चुकायचं नाही. हे ऐकलं की केसरीनाथची छाती दोन बोटं फुगायची.

त्याच्या बायकोला, कमळला, या कौतुकाचं काही वाटत नसे. तिचा जीव होता खाडीकाठच्या दोन एकरांत. रस्त्याकडची सगळी जमीन केसरीनाथनं गोदामवाल्यांना विकली, तेव्हा तिला कोणी विचारलं नव्हतं. खारातल्या या दोन एकरांना मात्र गिऱ्हाईकच आलं नाही. मग तिनं ते आपलेच म्हणून धरून ठेवले. सासूनं शिकवल्याप्रमाणे दरवर्षी त्यात तांबडं खारं भात लावायचं, कापायचं, आणि नवऱ्याच्या ताटात वाढायचं. घरात पैसा होता, बाजारात तांदूळ होता. पण खाचरात वाकलेली कमळ आणि घरातली कमळ या दोन वेगळ्या बाया होत्या, आणि खाचरातली जास्त सुखी होती.

भाद्रपदी पौर्णिमेच्या उधाणानं खाडीचं पाणी अडवणारा खारबांध फुटला. वीस-पंचवीस हात लांबीची खांड पडली आणि खाडीचं खारट पाणी दोन खाचरांत शिरलं. नशिबानं दुसऱ्या दिवसापासून पाऊस लागला आणि मीठ धुवून गेलं. पण पीक पोटरीत होतं, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात. पंधरा दिवसांनी सर्वपित्रीचं उधाण येणार, ते याहून मोठं. त्याआधी खांड बुजली नाही तर वीस घरांचं भात जागच्या जागी करपणार आणि पुढली तीन वर्षं त्या जमिनीत गवतही उगवणार नाही. इंजिनियरसाहेब येऊन बघून गेले. दिवाळीनंतर मंजुरी येईल म्हणाले. मशीन आणलं तर ते अर्ध्या वाटेत चिखलात कलंडलं आणि त्यालाच दोन दिवस ओढून काढावं लागलं. राहिला जुना मार्ग. पाणी ओसरलं की माणसांनी खाडीच्या चिकणमातीत उतरायचं, फावड्यानं कलिंगडाएवढे गोळे कापायचे आणि हातोहात साखळीनं खांडीत नेऊन थापायचे. पाणी परत बांधाच्या पायाला लागलं की काम बंद. रोज पाच-सहा तास, त्याहून जास्त खाडी देत नाही.

सप्तमीला कामाला सुरुवात झाली. त्या दिवशी पाण्यानं बांधाचा पाय सोडला सव्वाआठला. शटर वर गेलं होतं आठाला. चिखलात उतरायचं म्हणजे अंगात ऊब हवी, असं म्हणत लडकू आधी दुकानात गेला. लडकू साठीचा गडी, बांधाच्या कामात त्याच्याइतका जाणता माणूस सगळ्या खाडीत नव्हता, आणि बाकावर त्याच्याइतका नेमाचा माणूस सगळ्या दुकानात नव्हता. मुख्य गडीच बसला म्हटल्यावर बाकीचेही बसले. चाळीस माणसांची साखळी पंधरावर आली. दोन माणसांमधलं अंतर वाढलं, गोळे फेकावे लागले, फेकलेले गोळे फुटले. दुपारी पाणी आलं आणि जेमतेम थापलेला थर बघता बघता विरघळून गेला.

कमळ तशीच दुकानात आली. कमरेपर्यंत चिखल, केसांत चिखल. रांगेत चौघांच्या मागं उभी राहिली. पुढचे चौघे लाजून बाजूला झाले, तरी ती आपल्या पाळीनंच पुढं सरकली आणि फळीवर हात टेकून म्हणाली, "उद्यापास्नं पानी बांधाला परत लागंल तवाच शटर वर करायचं. त्याच्या आधी न्हाय."

केसरीनाथनं पाटीकडे बोट दाखवलं. "वेळ सरकारनं दिलेली हाय गो. आठ ते दहा. मी न्हाय ठरवली."

"सरकारला भरती-ओहोटी म्हाईत हाय काय?"

"मना सरकारची वेळ म्हाईत हाय, तेवढी बस."

ती फळीवर पाच बोटांचा ओला ठसा ठेवून निघून गेली. केसरीनाथनं तो फडक्यानं पुसला. पुसताना त्याला बरं वाटलं नाही, पण पुसला.

संध्याकाळी गावदेवीच्या देवळात बैठक बसली. बायका पुढे, पुरुष मागे, आणि दुकानातून उठून आलेले अगदी खांबाआड. तावातावानं भाषणं झाली. एक-दोघींनी सरळ सांगितलं की दुकान कायमचंच बंद करू, मतदान घेऊ, आडवी बाटली करू. केसरीनाथच्या कपाळावर घाम आला. कारण बायका मनावर घेतील तर ते होण्यासारखं होतं. तेव्हा कमळच उठली. म्हणाली की दुकान त्याच्या बापानं मांडलंय, तिची पोरं त्याच्यावरच शिकली, तिला ते मोडायचं नाही. प्यायचं तो पिवो. तिला फक्त वेळ हवी आहे, आणि तीही अमावास्येपर्यंत. मग तिनं नवऱ्याकडे न बघता विचारलं, दुकानदाराचं काय म्हणणं आहे.

'दुकानदार' म्हटलेलं केसरीनाथला झोंबलं. आडवी बाटली आणि अर्धी वेळ, यांतलं काय निवडायचं याला अक्कल लागत नव्हती. त्यानं देवीपुढच्या नारळावर हात ठेवला. सून रुचिका पदवीधर होती. तिनं तिथल्या तिथं ठराव लिहिला : अमावास्येपर्यंत, ती धरून, ओहोटी होऊन पाणी बांधाच्या पायाला परत लागेल तेव्हाच दुकान उघडावं, आणि सरकारी नियमाप्रमाणे दहाला बंद करावं. खांबाआडून कोणीतरी विचारलं की ती वेळ रोज काय वाजता येणार. तेव्हा ऐंशीच्या घरातल्या जानकीबाईनं सगळ्यांना ऐकू जाईल असा हिशेब सांगितला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला सहाला भरती, तर तीन तास आधी, तिनाला पाणी पायाला लागणार. त्यापुढे रोज पाऊण तास उशीर.

"म्हंजे रोज पाऊन तास कमी प्यायची," लडकू हताश होऊन म्हणाला, आणि देवळातल्या बायका इतक्या हसल्या की देवीचा दिवा फडफडला.

अशा रीतीनं घड्याळाचा माणूस पाण्याच्या ताब्यात गेला. पाटीच्या खाली केसरीनाथनं पोरांची जुनी पाटी टांगली आणि खडूनं लिहिलं, 'आज अष्टमी. दुकान ३ वाजता.' नवमीला पावणेचार. दशमीला साडेचार. पंचांग कशाला बघायचं, काल नवमी तर आज दशमी, हे शेंबडं पोरही सांगेल, असं म्हणून तो बोटांवर मोजायचा. घड्याळापेक्षा हे काम सोपं आहे असंही त्याला वाटायला लागलं.

नवमीला दुपारी बाराला दारूबंदी खात्याचे जमादार मोटारसायकलवरून आले. भरदिवसा शटर खाली बघून त्यांना संशय आला. दुकान बंद दिसलं म्हणजे मागच्या दारानं काहीतरी चालू असणार, हा त्यांचा वीस वर्षांचा अनुभव. त्यांनी मागचं दार पाहिलं, तिथं कुलूप. मग खडूची पाटी पाहिली आणि ओट्यावर बसलेल्या केसरीनाथला विचारलं, हे काय आहे.

केसरीनाथनं सगळं सांगितलं. जमादारांनी खिशातली वही काढली, परत ठेवली. "हे बघा शेट, वेळेबाहेर विकलं तर गुन्हा आहे. वेळेत विकलं नाही तर काय करायचं, हे मला कोणी शिकवलेलं नाही."

"मंग लिवा काय लिवायचं तं."

"काय लिहू? ओहोटीमुळे दुकान बंद?" ते हसायला लागले. हसत हसतच बांधाकडे बघून आले, बुटांना चिखल लावून घेतला आणि जाताना लडकूला म्हणाले की गेल्या खेपेला तुम्हाला पाहिलं तेव्हा तुम्ही आडवे होतात, उभे इतके उंच असाल असं वाटलं नव्हतं.

जमादार गेले आणि केसरीनाथला करमेना. शटर खाली, बाक रिकामा, रेडिओवर तीच तीच गाणी. तो छत्री घेऊन बांधावर गेला. पांढरा लेंगा, पांढरा सदरा. कोरड्या जागी उभा राहून तिथला थर वाकडा होतोय, इथं जास्त थापा, असं सांगू लागला. उंटावरचा शहाणा कोणालाच आवडत नाही, चिखलात उभ्या माणसाला तर मुळीच नाही. साखळीतून लडकूनं मान वर केली. "शेट, हितं एक मानूस कमी हाय," एवढंच म्हणाला.

चाळीस डोकी वळली. कमळचंही वळलं. केसरीनाथनं छत्री मिटली. लेंगा गुडघ्यापर्यंत वर केला आणि पाय खाली सोडला. पाय गेला तो मांडीपर्यंत गेला, चप्पल आतच राहिली. दुसरा पाय टाकताना तो बसकण मारून पडला आणि लेंग्याचा रंग कायमचा ठरून गेला. हशा पिकला. वीस वर्षांपूर्वी याच चिखलात तो बापाच्या जोडीनं उतरायचा, पण अंगाला त्याची आठवण राहिली नव्हती. पहिला गोळा हातात आला तसा निसटला. दुसरा पोटावर फुटला. शेजारी कमळ होती. ती हसली नाही, टोमणाही मारला नाही.

"हातानं नका धरू," ती म्हणाली. "छातीशी धरा. पोराला घेतात तसा."

तिसरा गोळा त्यानं छातीशी धरला आणि लडकूच्या हातात अलगद दिला. थंडगार, जड, खाडीचा वास येणारा. चौथा, पाचवा. पन्नासाव्याला कंबर मोडली, शंभराव्याला खांद्याचं काय झालं ते त्याला कळेना. पाणी आलं तेव्हा तो वर येऊन बांधावर उताणा पडला आणि दुकान उघडायला दहा मिनिटं उशिरा गेला. आयुष्यात पहिल्यांदा. रात्री कमळनं त्याच्या खांद्याला तेल चोळलं. चोळताना ती गुणगुणत होती. लग्नात बाया गातात तसलं काहीतरी, हळदीचं. हे तिनं शेवटचं कधी गुणगुणलं होतं ते त्याला आठवेना, आणि त्याबद्दल त्याला स्वतःचा राग आला.

दशमी, एकादशी, द्वादशी. थरावर थर चढत गेला. शेवटचा दीड हात आणि वरचा माथा तेवढा राहिला. अजून दोन दिवस आहेत, उद्या त्रयोदशी, परवा चतुर्दशी, आरामात होईल, असं केसरीनाथनं सगळ्यांना सांगितलं. पाटीवर लिहिलं, 'आज त्रयोदशी. दुकान पावणेसातला.' आणि माणसांना पाऊण वाजता बांधावर यायला सांगितलं, कारण त्या वेळेला पाणी पाय सोडणार होतं.

पाऊण वाजता चाळीस माणसं बांधावर उभी होती आणि पाणी कमरेइतकं होतं. एक वाजला. पाणी मांडीपर्यंत. लोक एकमेकांकडे बघू लागले. आज पाणी चुकलं की काय, असं केसरीनाथ मोठ्यानं म्हणाला.

जानकीबाई काठी टेकत आली होती. तिनं पाण्याकडे पाहिलं. "पानी चुकत न्हाय बाबा. मानूस चुकतो. आज चवदस हाय."

केसरीनाथ घराकडे अक्षरशः धावला. भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवलं. त्रयोदशीला स्वतःचा दिवसच नव्हता. क्षय तिथी. द्वादशी संपली ती थेट चतुर्दशीवर. बोटांवर मोजणाऱ्याला हे कसं दिसणार? म्हणजे दोन दिवस नव्हते. आजचाच होता, उद्या अमावास्या. आणि आज खाडीनं दिलेले तास दीडपासून साडेसातपर्यंत, त्यातला शेवटचा तास अंधाराचा.

तो परत बांधावर आला. सगळ्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. दुसरा कोणी असता तर त्यानं कॅलेंडरवाल्याला शिव्या घातल्या असत्या.

"माजी चूक हाय," केसरीनाथ म्हणाला. "तिथ गळली. मी पाह्यलंच न्हाय."

कमळच्या चेहऱ्यावर भीती होती, आणि ती पाहून त्याला जेवढी लाज वाटली तेवढी चिखलात पडताना वाटली नव्हती. मग लडकूनं फावडं उचललं आणि अजून पाण्यात असलेल्या काठावर पहिला गोळा कापला.

अडचण वेगळीच निघाली. माती ओली. एका दिवसात दीड हात चढवायची तर ती स्वतःच्या वजनानं खाली बसत होती. थराला सुकायला एक दिवस लागतो, आणि तो दिवस पंचांगानं खाल्ला होता. वाळूच्या गोण्या संपल्या होत्या. तीन वाजले, साडेतीन झाले. लडकू म्हणाला की आत काहीतरी कडक पाहिजे, फासळी पाहिजे, नाहीतर रात्रीचं पाणीच हे घेऊन जाईल.

केसरीनाथनं हात धुतले नाहीत, की कोणाला सांगितलं नाही. दुकानामागच्या पडवीचं कुलूप काढलं. तिथं बाटल्यांचे रिकामे प्लास्टिकचे क्रेट छतापर्यंत रचलेले होते, कंपनीला परत जायचे. प्रितेशला, वळ गावच्या गोदामात कामाला असलेल्या मुलाला, फोन करून टेम्पो मागवला. जिथवर रस्ता होता तिथवर क्रेट टेम्पोतून आले, पुढे बायकांनी डोक्यावर घेतले. लाल, निळे क्रेट घेऊन बायांची रांग हिरव्या भाताच्या कडेनं निघाली तेव्हा लग्नाचं रुखवत चालल्यासारखं दिसत होतं. क्रेट एकाला एक लावून सुतळीनं बांधले, आत चिखल ठासला, वरून गोळे थापले. माती धरली. लडकूनं वर चढून दोन उड्या मारल्या, तरी हलली नाही.

"आता कवा उधान आलं तं बांध झिंगंल, पन पडनार न्हाय," तो म्हणाला.

सात वाजता टेम्पोच्या दिव्यांच्या उजेडात माथा पुरा झाला. साडेसातला पाणी पायाला लागलं. ठरावाप्रमाणे दुकान उघडायची वेळ झाली. केसरीनाथनं उघडलं, बाकावर बसून वाट बघितली आणि तिथंच भिंतीला टेकून झोपला. गिऱ्हाईक एकही आलं नाही. सगळा गाव घोरत होता.

अमावास्येला सकाळी नवापासून सगळे बांधावर. सर्वपित्रीचा स्वयंपाक बायकांनी पहाटेच उरकला होता, पण घरी पान मांडायला कोण थांबणार? जानकीबाई म्हणाली की हा बांध आपल्या म्हाताऱ्यांनीच घातला, त्यांना इथंच वाढा. मग बांधाच्या माथ्यावर केळीच्या पानांची ओळ लागली. भात, वडे, भाजी, आणि ज्याच्या त्याच्या म्हाताऱ्याच्या आवडीचं काहीबाही. कावळे तुटून पडले. एरवी एका कावळ्यासाठी तासभर काव काव करावं लागतं.

पाणी चढत होतं. साडेनऊला गुडघाभर, साडेदहाला छातीएवढं. नव्या भागाला दोन ठिकाणी झिरपा लागला. केसरीनाथ आणि लडकू आतल्या बाजूनं पालथे पडून तळहातांनी चिखल दाबत राहिले. सव्वाअकराच्या सुमाराला खाडी माथ्यापासून वीतभर खाली येऊन उभी राहिली. एका बाजूला गढूळ पाणी माणसाच्या डोक्याएवढं, दुसऱ्या बाजूला पोटरीतलं भात, मध्ये दोन हात माती. कोणी हललं नाही. कमळनं पदर दातात धरला होता. पाणी तसंच उभं राहिलं, राहिलं, आणि मग एक वाळकं पान उलट्या दिशेनं, समुद्राकडे वाहत गेलं.

तरी कोणी उठलं नाही. उतरतं पाणी माती ओढून नेतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. झिरपे दाबत, पाळीपाळीनं जेवत, सगळे बसून राहिले. सव्वादोनला बांधाचा पाय उघडा पडला. नवा बांध जागच्या जागी उभा होता. एका कोपऱ्यातून निळा क्रेट बोटभर डोकावत होता, एवढंच.

मग जो कल्ला उठला तो खारबाव स्टेशनात ऐकू गेला असेल. बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या. जानकीबाईनं धवलगीत धरलं. पितरपाखात लग्नाचं गाणं म्हणत नाहीत याची तिलाही शुद्ध नव्हती. कमळ बांधावरून खाली उतरून आपल्या खाचरात गेली, भाताचा एक झुबका गालाशी धरला आणि तिथंच उभी राहून हसत रडली. केसरीनाथ ते लांबून बघत होता. त्याला वाटलं, ही बाई आपल्या घरात तीस वर्षं राहते आणि आपण तिला आज बघतोय.

लडकू घसा खाकरून जवळ आला. त्याच्या मागं सगळी साखळी. काम फत्ते झालंय, सात दिवसांची तहान आहे, शेटनं आता शटर वर करावं, असं त्यांचं म्हणणं होतं. केसरीनाथनं मान हलवली. ठराव अमावास्या धरून आहे म्हणाला.

लडकूनं हुशारी केली आणि कमळकडे वकिली नेली. कमळ चिखलातून वर आली. डोळे पुसले, माणसांकडे पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाली, "अवो, उघडा. मी सांगते. आजचा दिस उघडा."

"न्हाय," केसरीनाथ म्हणाला.

"मीच बंद केलंवतं ना? मीच बोलते उघडा."

केसरीनाथ खाडीकडे वळला. मनगटावर घड्याळ नव्हतं, ते परवाच चिखलात गेलं होतं. त्यानं बोटं मोजली नाहीत. पाण्याची रेघ कुठं आहे, चिखल किती उघडा पडलाय, ते डोळे बारीक करून पाहिलं, आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं सांगितलं, "पानी सव्वाआठला लागंल. तवा या."

कमळ हसता हसता त्या ओल्या बांधावरच खाली बसली. केसरीनाथ तिच्याशेजारी बसला, आणि सव्वाआठ वाजेपर्यंत दोघंही तिथून उठली नाहीत.